गरम झाल्यावर रिव्हर्स आणि पहिला गिअर खरखरतो: क्लच किट बदलूनही पिकअप गाडीचा त्रास परत का येतो

सकाळी गाडी थंड असताना गिअर लोण्यासारखे पडतात. माल भरून घाट चढायचा, बाजार समितीत पोचायचं, फलाटाला लावायला रिव्हर्स टाकायचा, आणि नेमका तेव्हाच खर्रर्र. पहिला गिअर दोन-तीनदा पेडल मारल्याशिवाय जात नाही. गॅरेजमध्ये ‘प्लेट गेली’ म्हणतात, क्लच किट (प्लेट, प्रेशर प्लेट आणि तिला दाबणारं रिलीज बेअरिंग) पडतं, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू होतं. मग गिअरबॉक्स खोलायची भाषा सुरू होते.

थांबा. आधी एक गोष्ट नीट समजून घ्या. झिजलेली क्लच प्लेट घसरते, म्हणजे चढाला इंजिन गुरगुरतं पण गाडी ओढत नाही आणि जळका वास येतो. गिअर न पडणं हा त्याच्या उलटा आजार आहे. पेडल दाबूनही क्लच पूर्ण कट होत नाही, इंजिन गिअरबॉक्सच्या शाफ्टला थोडं थोडं फिरवतच राहतं आणि फिरत्या दातांवर तुम्ही स्थिर दात आणून आदळता. हा त्रास ‘प्लेट झिजली’ या कारणाने सहसा होत नाही. मग किट बदलल्यावर बरं का वाटतं? किट टाकताना ओघाने क्लचचं ऑइल बदललं जातं, हवा काढली जाते, काट्याला ग्रीस लागतं, नव्या प्रेशर प्लेटच्या बोटांची उंची बदलते. या सगळ्याने पेडलला दोन-तीन मिलिमीटर जास्तीची चाल मिळते. खरा दोष आत तसाच असतो, तो हळूहळू ती चाल पुन्हा खाऊन टाकतो.

स्पॅनरला हात लावण्याआधी

सपाट जागा, चाकांखाली ठोकळे, हँडब्रेक ओढलेला, समोर-मागे माणूस नाही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर एकेक करून टाका. बंद इंजिनवरही गिअर जड जात असतील, तर क्लचचा संबंध नाही. लिव्हरखालचे बुश, शिफ्टिंग केबल किंवा रॉड, नाहीतर आतले शिफ्टर रॉड बघायचे. गिअर लगेच पडला नाही तर क्लच एकदा सोडून पुन्हा दाबा. कधी कधी दातासमोर दात येतो, तो दोष नव्हे.

बंद इंजिनवर सगळं सुरळीत असेल तर इंजिन चालू करा. न्यूट्रलमध्ये आयडलिंगला राहू द्या. पेडल पूर्ण दाबा, मनात पाच ते आठ आकडे मोजा आणि रिव्हर्स टाका. बऱ्याच पिकअपच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग जुळवणारी रिंग, नसतो, म्हणून घाईने टाकला तर तो चांगल्या गाडीतही करकरतो. पण इतका वेळ थांबूनही खरखर येत असेल, तर शाफ्ट थांबतच नाही, म्हणजे क्लच कट होत नाही हे नक्की. आणखी एक खूण: पेडल तळाला असताना पहिला गिअर जबरदस्तीने टाकला की गाडी पुढे सरकायला बघते.

एकच गिअर, समजा तिसऱ्यावरून दुसरा, चालत्या गाडीत करकरतो आणि बाकीचे चांगले पडतात, तर मात्र ती त्या गिअरच्या सिंक्रो रिंगची गोष्ट आहे. तिच्याबद्दल पुढे.

ही चाचणी गाडी थंड असताना करा आणि त्रास होतो त्या अवस्थेत, म्हणजे चढ चढून आल्या आल्या, पुन्हा करा. थंड गाडी गॅरेजमध्ये सकाळी नऊला नेऊन उभी केली तर मेकॅनिकला काहीच सापडणार नाही, आणि त्यात त्याची चूक नाही.

पट्टी घेऊन चाल मोजा

हे एक मोजमाप पाच मिनिटांचं आहे आणि त्यावर पुढचा सगळा खर्च ठरतो. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणाऱ्या क्लचच्या बहुतेक पिकअपमध्ये बेल हाउसिंगच्या (इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाच्या) बाजूला खालचा सिलिंडर, म्हणजे स्लेव्ह, बाहेरून दिसतो. त्यातून निघालेला पुश रॉड क्लचच्या काट्याला ढकलतो. इंजिन बंद करा. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने स्टीलची पट्टी लावून पुश रॉड किती सरकतो ते मोजायचं. आकडा लिहून ठेवा. आता पेडल सलग चार-पाच वेळा पंप करून शेवटच्या वेळी दाबून धरा, पुन्हा मोजा. मग पेडल तसंच एक मिनिट दाबून ठेवा आणि रॉड मागे सरकतो का बघा.

पंप केल्यावर चाल दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली, तर लाइनमध्ये हवा आहे. एक मिनिटात रॉड हळूहळू परत येत असेल आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर पेडलजवळच्या वरच्या सिलिंडरचं, म्हणजे मास्टरचं, रबर आतल्या आत गळतंय. ऑइल टाकीतच परत जातं म्हणून पातळी कमी होत नाही, आणि म्हणूनच हा दोष डोळ्यांना चकवतो.

गाडी गरम झाल्यावर हेच मोजमाप पुन्हा घ्या. खाली हात घालताना सायलेन्सरच्या पाइपपासून जपा, तो चांगलाच भाजतो. थंड गाडीवरच्या चालीपेक्षा गरम चाल कमी भरली, तर दोष हायड्रॉलिकमध्ये आहे आणि गिअरबॉक्स उतरवायची गरज नाही. गरम असतानाही चाल तेवढीच भरली आणि तरीही रिव्हर्स खरखरला, तर दोष बेल हाउसिंगच्या आत आहे. अशा वेळी नवे सिलिंडर टाकणं म्हणजे पैसे पाण्यात.

काही मॉडेलमध्ये स्लेव्ह बेल हाउसिंगच्या आतच, रिलीज बेअरिंगला जोडून असतो. तिथे पट्टी लावता येत नाही, पंप करून फरक पडतो का एवढ्यावरच भागवावं लागतं. केबल क्लचच्या गाडीत बाहेरच्या आवरणाची वळणं, आतल्या तारेचे तुटलेले धागे आणि पेडलची मोकळी चाल बघा.

चाल कमी भरत असेल तर

सगळ्यात आधी पेडलखाली बघा. रबरी मॅटवर दुसरी मॅट, तिच्यावर ताडपत्रीचा तुकडा, त्यात वाळलेला चिखल. पेडल वीस मिलिमीटर आधीच अडतं. हे हसण्यावारी नेऊ नका, पायाशी गेलेले वीस मिलिमीटर खाली काट्यावर दोन-तीन मिलिमीटर होऊन उमटतात, आणि क्लच कट होण्या-न होण्यात फरक तेवढाच असतो. पेडलच्या पिनचं बुश आणि पेडल जिथे बसतं तो पत्रा हाताने हलवून बघा. पत्र्याला चीर असेल तर दाबताना तो वाकतो आणि चाल तिथेच जिरते.

पेडलची मोकळी चाल बोटाने दाबून मोजा. बहुतेक गाड्यांत ती ५ ते १५ मिलिमीटरच्या दरम्यान असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. मोकळी चाल अजिबात नसेल तर वरच्या सिलिंडरचं छिद्र बंद राहतं, गरम झालेलं ऑइल टाकीत परत जाऊ शकत नाही आणि क्लच अर्धवट दाबलेल्या अवस्थेत राहून घसरायला लागतो.

मग ऑइल. क्लचच्या टाकीत ब्रेक फ्लुइडच असतं, डॉट ३ किंवा डॉट ४, जे झाकणावर लिहिलंय ते. हे फ्लुइड हवेतली ओल शोषतं. कोरडं डॉट ३ किमान २०५ अंशांवर उकळतं, ओल शोषलेलं १४० वर. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५ आहेत. भरलेली गाडी, रेंगाळणारा घाट, जवळून जाणारा सायलेन्सर, यांत जुन्या फ्लुइडच्या लाइनमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात. वाफ दबते, म्हणून पेडल जातं पण रॉड सरकत नाही. गाडी थंड झाली की बुडबुडे विरतात आणि सकाळी सगळं ठीक. ‘गरम झाल्यावरच होतं’ या तक्रारीचं हे एक ठळक कारण आहे. दुसरं कारण रबरी होज. जुना होज तापला की मऊ पडतो आणि दाबाने फुगतो. एकाने पेडल मारताना दुसऱ्याने तो मुठीत धरावा, फुगणं हाताला कळतं.

फ्लुइड बदलायला अर्धा लिटरची सीलबंद बाटली पुरते. उघडून महिनोन्महिने पडलेला डबा वापरू नका. सिरिंजने टाकीतलं जुनं ऑइल काढा, टाकी स्वच्छ कापडाने पुसा, नवं भरा. स्लेव्हच्या हवा काढायच्या निपलवर पारदर्शक नळी घट्ट बसवून तिचं दुसरं टोक थोडं फ्लुइड असलेल्या बाटलीत बुडवा. पेडल सावकाश तळाला, धरून ठेवा, निपल अर्धा फेरा उघडा, वाहणं थांबलं की बंद करा, आणि बंद केल्यावरच पेडल सोडा. हा क्रम चुकला की काढलेली हवा परत आत जाते. दर चार-पाच वेळांनी टाकी भरत राहा. आधी काळ्या चहासारखं येईल, मग बुडबुडे, मग स्वच्छ. काळ्या ऑइलमध्ये बारीक कण दिसले तर ते सिलिंडरच्या रबराचे आहेत. मग नुसतं ऑइल बदलून काही महिनेच निघतात, वरचा आणि खालचा दोन्ही सिलिंडर एकाच वेळी करा. एकच नवा केला की त्याच्या वाढलेल्या दाबाने दुसऱ्याचं थकलेलं रबर लवकरच हार मानतं.

फ्लुइड रंगावर सांडलं तर लगेच पाणी ओता, नाहीतर रंग उठतो. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते. तिथे टाकी रिकामी पडू दिली तर ब्रेकमध्ये हवा जाईल, हे विसरू नका. आणि या टाकीत इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल चुकूनही टाकू नका. रबर फुगून सगळी लाइन निकामी होते.

चाल पूर्ण भरते आणि तरीही खरखर

आता गिअरबॉक्स उतरवावा लागेल. पण उतरवल्यावर काय काय बघायचं हे आधीच ठरवून घ्या, कारण किट टाकून वर चढवण्याच्या घाईत नेमक्या याच गोष्टी राहतात.

फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या, मध्यभागी एक छोटं बेअरिंग किंवा बुश असतं, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं टोक त्यात फिरतं. मेकॅनिक त्याला स्पिगॉट किंवा पायलट म्हणतात. ते जाम झालं की क्लच कितीही चांगला कट झाला तरी फ्लायव्हील शाफ्टला थेट फिरवतं. किटच्या डब्यात ते बहुतेकदा नसतं, म्हणून बदललंच जात नाही. बोट घालून फिरवून बघा. खरबरीत लागलं, अडखळलं किंवा ग्रीस सुकून पावडर झालेलं दिसलं, तर बदला. किटच्या खर्चापुढे ते काहीच नाही.

इनपुट शाफ्टचे खोबणीचे दात, म्हणजे स्प्लाइन, पुसून त्यावर प्लेट हाताने सरकवून बघा. टोकापासून टोकापर्यंत न अडखळता गेली पाहिजे. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत तिथे गंज धरतो आणि प्लेट सरकायच्या ऐवजी फ्लायव्हीलला घासत राहते. गंज बारीक पॉलिश पेपरने काढा, ग्रीस तांदळाच्या दाण्याएवढंच लावा आणि प्लेट आत-बाहेर करून जास्तीचं पुसून टाका. जास्त ग्रीस फेकलं जाऊन प्लेटवर येतं, मग घसरण्याचा नवा आजार मागे लागतो.

प्लेट वाकडी होणं हे परत परत येणाऱ्या त्रासाचं असं कारण आहे की जे गॅरेजमध्येच जन्माला येतं. गिअरबॉक्स वर चढवताना शाफ्ट प्लेटमध्ये शिरतो आणि बोल्ट लागेपर्यंत दोघे-तिघे तो तसाच लोंबकळत ठेवतात. सगळं वजन प्लेटच्या मधल्या हबवर येतं. डोळ्यांना काही दिसत नाही, पण कड एक मिलिमीटरने वाकली तरी पेडल दाबल्यावर प्लेट फ्लायव्हीलला एका बाजूने चाटत राहते. म्हणून गिअरबॉक्स जॅकवरच हवा, प्लेट डमी शाफ्टने मध्याला आणलेली हवी, आणि सगळे बोल्ट हाताने लागेपर्यंत जॅक काढायचा नाही. बोल्टने आवळून हाउसिंग ओढून घेऊ नका. शेवटचा अर्धा इंच हाताने बसत नसेल तर शाफ्ट वाकड्यात आहे. नवी प्लेटही बसवण्याआधी शाफ्टवर फिरवून तिचा डगमग बघा, कडेला ०.८ मिलिमीटरच्या आसपास मर्यादा धरतात. प्लेटवरची ‘फ्लायव्हील साइड’ ही खूण वाचून मगच लावा.

काट्याचा टेकू, ज्या गोल डोक्याच्या पिनवर काटा डुलतो, तो झिजून चपटा झालेला असतो. तिथे गेलेला एक मिलिमीटर रिलीज बेअरिंगच्या टोकाला वाढून जाणवतो. काट्यातला खळगा आणि पिन शेजारी ठेवून बघा, चकचकीत सपाट भाग दिसला की दोन्ही बदला. फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा चिरा असतील तर लेथवर घासून घ्या, आणि पायरी असलेलं फ्लायव्हील असेल तर दोन्ही पातळ्या सारख्याच घासायला सांगा. एकच घासली तर प्रेशर प्लेटची बैठक बदलते आणि किट नवं असूनही कट होत नाही.

बेल हाउसिंगमध्ये ऑइल दिसलं तर हाताला लावून वास घ्या. काळं आणि धुराच्या वासाचं असेल तर इंजिनच्या मागच्या सीलचं. पिवळट-तपकिरी, चिकट, कुजक्या गंधकासारखा वास असेल तर गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलचं. सील बदलल्याशिवाय नवी प्लेट चढवणं व्यर्थ.

गिअर ऑइल: नव्वद नंबर म्हटलं की काम होत नाही

एकाच गिअरची करकर, विशेषतः गिअर खाली उतरवताना, हा सिंक्रोचा विषय आहे आणि त्याचं मूळ अनेकदा ऑइलमध्ये असतं. सिंक्रोची पितळी रिंग म्हणजे एक छोटा ब्रेक. ती गिअरच्या शंकूला घासून त्याचा वेग जुळवते आणि मगच स्लीव्ह पुढे जाऊ देते. तिला काम करायला थोडं घर्षण लागतं. मागच्या हाउसिंगमध्ये (मागच्या चाकांमधल्या डिफरेन्शियलमध्ये) जीएल-५ दर्जाचं ऑइल लागतं, कारण तिथल्या गिअरचे दात एकमेकांवर जोरात घसरतात. त्यात गंधक-फॉस्फरसचं मिश्रण जीएल-४ च्या जवळपास दुप्पट असतं. तेच ऑइल एकाच ड्रममधून गिअरबॉक्समध्ये ओतलं की रिंग पकड घेत नाही, आणि अशा काही ऑइलमध्ये पितळ काळं पडून खाल्लं जातं. दोन्हीकडे ‘नव्वद नंबर’ चालतं हा समज इथेच नडतो. नंबर जाडीचा असतो, दर्जा वेगळा. गिअरबॉक्सला पुस्तकात लिहिलेलंच ऑइल घाला. बऱ्याच पिकअपना जीएल-४ दर्जाचं ८०डब्ल्यू-९० किंवा ७५डब्ल्यू-९० लागतं. त्याऐवजी १४० नंबर टाकलं की सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर गिअर हट्ट करतात.

बदलताना गाडी थोडी चालवून ऑइल कोमट करा, सपाट जागेवर लावा आणि आधी वरचा भरायचा बोल्ट सोडवून बघा. खालचा उघडून ऑइल सांडल्यावर वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच अडकते. खालच्या बोल्टला बहुधा चुंबक असतो. त्यावरचा राखाडी, मलमासारखा लेप बोटांत चोळा. मऊ लागला तर ती नेहमीची झीज आहे. टोचणारे पत्र्यासारखे तुकडे किंवा दाताचा कण निघाला तर बॉक्स उघडायचा. ऑइल उन्हात धरल्यावर सोनेरी चकाकी तरंगताना दिसली, तर ते रिंगचं पितळ आहे. दुधाळ असेल तर पाणी शिरलंय.

पाणी कुठून येतं? गिअरबॉक्सच्या वर श्वास घ्यायला एक छोटी नळी किंवा टोपी असते, ब्रीदर. तापलेली गाडी ओढ्यातून काढली की आतली हवा झटकन आकसते आणि बुडालेल्या ब्रीदरमधून, तो बुजला असेल तर सीलच्या कडेने, पाणी ओढून घेते. चिखलाने बुजलेल्या ब्रीदरने गाडी तापताना उलटंही होतं, आतला दाब वाढून सील गळायला लागतो, आणि लोक सीलवर सील बदलत बसतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाडीचा ब्रीदर पावसाळ्याआधी आणि नंतर साफ करा.

ऑइल बहुतेक पिकअपना दीड ते अडीच लिटर लागतं, पण माप लिटरचं नाही, भरायच्या भोकाच्या खालच्या कडेचं. तिथून पाझरू लागलं की थांबा. जास्त भरलं तर फेस होऊन सीलमधून बाहेर येतं. बोल्टचे वॉशर दर वेळी नवे.

ऑइल बरोबर करूनही हजार किलोमीटरनंतर तोच गिअर करकरत असेल तर रिंग गेली. बॉक्स उघडल्यावर रिंग गिअरच्या शंकूवर दाबून पिळा, ती चिकटली पाहिजे. तिचे दात आणि गिअरचे दात यांमधली फट फीलर गेजने मोजा. नवी असताना साधारण एक मिलिमीटर, अर्ध्याच्या खाली गेली की बाद. रिंगसोबत शंकू, हब, स्लीव्हच्या दातांची टोकं, काट्याचे पॅड आणि स्प्रिंग बघाच. गोल झालेल्या दातांच्या स्लीव्हवर नवी रिंग टाकली तर काही महिन्यांत पुन्हा तेच काम करावं लागतं.

चालवताना

क्लचवर पाय टेकवून चढ चढू नका आणि चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरू नका, प्रेशर प्लेट तापून वाकते. उतारावर न्यूट्रल करू नका. ब्रेकवर सगळा भार येतो हे तर आहेच, शिवाय गिअरबॉक्समध्ये ऑइल उडवणारा खालचा शाफ्ट फक्त आयडलिंगला फिरत असतो आणि वरचा मेन शाफ्ट चाकांच्या वेगाने. याच कारणाने बंद पडलेली गाडी मागची चाकं जमिनीवर ठेवून लांब ओढून न्यायची असेल, तर आधी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा जॉइंट शाफ्ट सोडवा.

काम झाल्यावर

गॅरेजमधून निघण्याआधी पुश रॉडची चाल पुन्हा मोजा आणि तारीख व किलोमीटरसह फ्लुइडच्या टाकीजवळ पत्र्यावर मार्करने लिहा. मग माल भरून एक घाट चढून या आणि गरम गाडीवर पाच आकडे मोजून रिव्हर्स टाका. आवाज न येता पडला आणि चाल तेवढीच भरली, तर काम झालं. पुढे दर दहा हजार किलोमीटरला तोच आकडा पडताळा. तो एक-दीड मिलिमीटरने उतरला की लगेच फ्लुइड बदला आणि सिलिंडर बघा, रिव्हर्स खरखरायची वाट बघू नका.